तात्यांच्या नावावरचे ठोके

आमच्या गावात हृदयविकार एकच होता, आणि तो रंगनाथतात्यांच्या मालकीचा होता.

दूध संस्थेच्या निवडणुकीचा निकाल लागला त्या दिवशी तात्यांच्या छातीत कळ आली. श्रीरामपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वायू आहे, हरभऱ्याची डाळ कमी खा. पण तोवर तात्या निवडून आले होते. चेअरमनला वायू होणं बरं दिसत नाही, म्हणून गावाने त्याला अटॅक म्हणायचं ठरवलं. पुढे चेअरमनकी गेली. अटॅक राहिला.

त्याची व्यवस्था चोख होती. तात्यांसमोर मोठ्याने बोलायचं नाही. त्यांना नाही म्हणायचं नाही. वाटणीचा विषय काढायचा नाही. बांधावरून भांडायला येणारा शेजारीसुद्धा आधी ‘तात्या, गोळी घेतली का?’ असं विचारायचा आणि मग हळू आवाजात भांडायचा. तात्या ओट्यावरच्या खाटेवर पडून छातीवरून हात फिरवत, आणि भांडण त्यांच्या बाजूने मिटे.

त्यांच्या बायकोला, चांगुणाबाईंना, दम लागायचा. पण दम लागणं हा काही आजार नव्हे. चार म्हशी, दोन गायी, धारा, शेण, वैरण, वर हृदयविकाराचा नवरा, दम लागणारच. घासाचा भारा उतरवला की त्या गव्हाणीला टेकून उभ्या राहायच्या आणि डोळे मिटून घ्यायच्या. सून मोनिका विचारायची, “काय होतंय, आत्या?”

“काय न्हाई गं. पाखरू फडफडल्यावानी हुतं हितं. बसतं आपलं आपून.”

अशात आमच्या गावात पट्टे आले.

नगरच्या एका मेडिकल कॉलेजातून डॉक्टर सुहास आले होते. मूळचे भिंगारचे, तरुण, नम्र, आणि आमच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य दोनदा सांगणारे. एका कंपनीने मनगटावर बांधायचा पट्टा काढला होता. हृदयाचे ठोके ताल सोडून पडायला लागले की तो डॉक्टरांच्या मोबाईलवर निरोप धाडतो, आणि ज्याच्या नावावर पट्टा आहे त्याच्याकडे मोबाईल असला तर त्याच्यावरही. बाजारात आणण्याआधी तो माणसांवर तपासायचा होता. विकत घेणारी माणसं शहरातली होती. तपासायची माणसं आमच्याकडे होती.

मारुतीच्या सभामंडपात साठीच्या आसपासची सगळी मंडळी जमवून डॉक्टरांनी समजावलं. “ठोके असे वेडेवाकडे पडत राहिले तर हृदयात रक्ताची गुठळी होते. ती मेंदूत गेली की लकवा. माणसाला कळतही नाही. पण वेळेत समजलं तर रक्त पातळ करायच्या गोळीने हा लकवा बहुतेक टाळता येतो. बहुतेक टाळता येतो.”

इथवर सगळं ठीक होतं. मग पट्टे बाहेर निघाले. त्यात निम्मे हिरवे होते आणि निम्मे काळे.

कोणता पट्टा कोणाला, हे डॉक्टरांनी नंबर टाकून घरूनच ठरवून आणलं होतं. रंगाचा विचार त्यांनी केला नव्हता, कारण तो विषय कॉलेजात शिकवत नाहीत. सवाष्ण बायका म्हणाल्या, चुड्याशेजारी काळं बांधायचं नाही. विधवा बायका म्हणाल्या, आम्हाला हिरवं शोभत नाही.

“आजी, रंगाचा काही संबंध नसतो,” डॉक्टर विधवा लंकाबाईंना म्हणाले.

“तुझा नसंल, बाबा. मला ह्या गावात ऱ्हायाचंय.”

डॉक्टर दुसऱ्या पेटीकडे वळले तेवढ्यात बायकांनी आपापसात पट्टे बदलून घेतले. हवा तो रंग कमी पडला तेव्हा काहींनी नवऱ्यांच्या, दिरांच्या हातचे सोडवून घेतले. पहिल्या आठवड्यात मोबाईलमधल्या हिशेबाप्रमाणे लंकाबाई रात्रभर उसाला पाणी भरत होत्या आणि त्यांचा दीर घरात घोरत होता. डॉक्टरांनी फोन करकरून एकेकाचं नाव इकडून तिकडे केलं. नाव हलवणं सोपं होतं, बोटाने ढकललं की जात होतं.

तात्यांच्या घरात मात्र घोळ झाला नव्हता. चांगुणाबाईंच्या वाट्याला हिरवा आला, तो त्यांनी बांधला. तात्यांना काळा आला, तो त्यांनी बांधला. दोघांनी नंतर ते बदलले नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टर घाईघाईने घरी आले. तात्यांनी शर्टाची दोन बटणं आधीच मोकळी करून ठेवली होती.

“ठोक्यांत बिघाड दिसतोय,” डॉक्टर म्हणाले. “परवापासून चार वेळा. लगेच ईसीजी काढायला हवा. चांगुणाबाईंचा.”

तात्या उठून बसले. “कुनाचा?”

“चांगुणाबाईंचा.”

“आन माझं?”

“तुमचं उत्तम आहे, तात्या. तिशीतल्या माणसासारखं.”

तात्यांना आयुष्यात कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं. त्यांनी मुलाकडे, आदिनाथकडे, पाहिलं. तो साखर कारखान्यात कामाला होता आणि घरात पाहुण्यासारखा वागायचा. त्याने ड्युटीची वेळ बघितली.

“डॉक्टर,” तात्या शांतपणे म्हणाले, “सारा तालुका जानतो मी हार्ट पेशंट हाय म्हनून. हिचं कंदी डोस्कं दुखल्यालं कुनी ऐकलंय का? इचारा तिला.”

चांगुणाबाई चहाची कपबशी घेऊन दारात उभ्या होत्या. “मला काय धाड भरलीय,” त्या म्हणाल्या.

“त्या दिवशी देवळात बायकांनी काय कालवाकालव केली, तुमीच बघितली. आमचंबी पट्टं तवाच बदललं असत्याल. नावं चुकली तुमची.”

डॉक्टरांनी विचार केला. गावात इतके पट्टे बदलले होते की आणखी दोन बदललेले असणं सहज शक्य होतं. शिवाय पुरुष, वय जास्त, आधीचा अटॅक. पुस्तकात असतो तसाच रुग्ण समोर बसला होता. आणि दारात एक बाई उभी होती, जिची काहीही तक्रार नव्हती. कोणत्या नंबरचा पट्टा कुणाच्या हातात आहे ते तिथल्या तिथे बघता आलं असतं. पण चेअरमनच्या घरी चेअरमनचं मनगट उलटून बघायचं म्हणजे त्यांना खोटं ठरवण्यासारखं झालं असतं. डॉक्टरांनी मोबाईल काढला आणि दोन नावं बोटाने ढकलली.

पट्टे ज्याच्या त्याच्या हातात राहिले. ठोके तेवढे तात्यांच्या नावावर झाले.

तात्यांना नगरला नेलं. मोठ्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो घड्याळासारखा नेमका निघाला. पण हा विकार येतो आणि जातो, आत्ता नाही म्हणजे नसेलच असं नाही, आणि पट्ट्यावर नोंद तर आहे, असं म्हणून त्यांनी रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. तात्या परत आले ते जीपमधून उतरून चालत घरापर्यंत आले नाहीत. त्यांना धरून आणावं लागलं. पुढच्या आठवड्यात दाढी करताना गालाला ब्लेड लागलं आणि रक्त थांबेना. तात्यांनी मुद्दाम ते पुसलं नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत म्हणाले, “बघा, औषध कसं लागू पडलंय.”

घराची घडी आता अशी बसली. चांगुणाबाई गोठ्यात कडबाकुट्टीवर वैरण कापत असायच्या. त्यांच्या छातीतलं पाखरू फडफडायला लागायचं. ओट्यावर तात्यांचा मोबाईल किंचाळायचा. तात्या ताबडतोब आडवे व्हायचे आणि हाक मारायचे, “आगं ए, मला व्हायाला लागलंय!” आणि चांगुणाबाई हातातलं टाकून, धापा टाकत, तांब्याभर पाणी घेऊन पळत यायच्या. त्या पळाल्यामुळे मोबाईल पुन्हा किंचाळायचा.

“बघ, वाढलं,” तात्या म्हणायचे.

मोनिकाच्या हे लक्षात यायला महिना लागला, कारण तिच्याकडे स्वयंपाक होता. एका दुपारी तात्यांचा काळा पट्टा खिडकीत चार्जिंगला लावलेला होता आणि तात्या उघड्या मनगटाने भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होते. गोठ्याच्या बाजूने चांगुणाबाई भारा घेऊन आल्या, त्यांनी तो दाणकन टाकला आणि खांबाला धरलं. तात्यांचा मोबाईल किंचाळला. तात्यांनी शेंगा बाजूला सारल्या आणि आडवे झाले.

मोनिका म्हणाली, “मामा, तुमचा पट्टा तर चार्जिंगला हाय.”

“मंग?”

“मंग तुमचं ठोकं त्याला कळलं कसं?”

“पट्टा चार्जिंगला हाय,” तात्या डोळे मिटून म्हणाले. “हृदय न्हाई लावल्यालं चार्जिंगला.”

मोनिकाने खांबाकडे पाहिलं. चांगुणाबाईंच्या ओठांचा रंग उडाला होता, आणि त्या तशाच पाण्याच्या तांब्याकडे निघाल्या होत्या.

तिने त्याच संध्याकाळी डॉक्टर सुहासांना फोन लावला. सगळं सांगितलं. 

“तुमच्या बोलण्यात तथ्य असू शकतं,” डॉक्टर म्हणाले.

“असू शकतं म्हंजे? येऊन बगा ना.”

“मोनिकाताई, अडचण अशी आहे की तात्यांची केस वर गेलीय. पट्ट्याने वाचवलेला पहिला रुग्ण म्हणून. येत्या रविवारी कंपनीचे साहेब पुण्याहून येताहेत, तात्यांचा सत्कार आहे, पत्रिका छापून झाल्यात. एवढा कार्यक्रम होऊ द्या. सोमवारी मी स्वतः दोघांचेही ईसीजी काढतो. मागे एवढे दिवस काही झालं नाही, चार दिवसांत काय होणार?”

आदिनाथला सांगितलं तर तो म्हणाला, “चार दिस कळ काढ ना. उगा म्हाताऱ्याचा सत्कार कशाला नासवती?”

मग ती चांगुणाबाईंकडे गेली. त्या चुलीपुढे बसून तात्यांच्या बिनमिठाच्या भाकरी थापत होत्या.

“आत्या, उद्या सकाळच्या एस्टीनं आपुन दोघी श्रीरामपूरला जाऊ. कुनाला सांगायचं न्हाई. कार्डिओग्राम काढू.”

“कशाला?”

“ते ठोकं तुमचं हायती. मामांचं न्हाईत.”

चांगुणाबाईंनी भाकरी उलटली. “मला ठाऊक हाय,” त्या म्हणाल्या.

“ठाऊक हाय?”

“मोबाईल कवा वाजतो ते मला ऐकू येत न्हाई व्हय? माझ्या छातीत आधी वाजतं, मंग त्येंच्या मोबाईलात.”

“आन गप बसलाय तुमी!”

“काय करू मंग? चेअरमनकी गेली, दात गेलं, पोरगं ऐकत न्हाई. एवढं एक दुखनं ऱ्हायलंय त्येंच्याकडं, त्याच्यापायी चार मान्सं इचारायला येत्यात. ते बी माझ्या नावावर करून घिऊ?” मग सुनेचा चेहरा बघून त्यांनी पिठाचा हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. “सत्कार हुंदे. सोमवारी जाऊ. तू म्हनशील तितं जाऊ.”

रविवारी दूध संस्थेच्या अंगणात मांडव पडला. तात्यांना फेटा बांधला. कंपनीने एक नवी कोरी रुग्णवाहिका आणून उभी केली होती. तिच्यावर पट्ट्याचं चित्र होतं आणि खाली ‘प्रत्येक ठोक्याची काळजी’ असं लिहिलं होतं. साहेब बोलले, डॉक्टर सुहास बोलले. मग तात्या बोलायला उभे राहिले. या पट्ट्यामुळे आपला पुनर्जन्म झाला असं ते म्हणाले, आणि आता नव्या जन्मात दूध संस्थेची निवडणूक पुन्हा लढवण्याचा विचार आहे असंही म्हणाले. टाळ्या पडल्या. निवेदकाने पुकारलं, “आता चेअरमनसाहेबांच्या सौभाग्यवती त्यांना ओवाळतील.”

चांगुणाबाई सकाळपासून एकशेवीस माणसांच्या पुरणाला बसलेल्या होत्या. त्या पदर सावरत व्यासपीठाच्या पायऱ्या चढल्या. ताट हातात घेतलं. तात्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि एवढ्यात तात्यांच्या खिशातला मोबाईल माईकसमोर किंचाळला.

सगळा मांडव उभा राहिला. तात्यांचा हात छातीवर गेला. एवढ्या लोकांसमोर त्यांचं हृदय पहिल्यांदाच बोललं होतं. ते हळूहळू, फेटा सांभाळत, खुर्चीत कलले.

“बाजूला व्हा! हवा येऊ द्या!” साहेब ओरडले. त्यांचे फोटो काढणारे पुढे सरसावले. डॉक्टर सुहास धावले, चार तरण्या पोरांनी तात्यांना उचललं, रुग्णवाहिकेचं मागचं दार उघडलं, आणि भोंगा वाजवत ती नगरच्या रस्त्याला लागली. तात्यांनी आत झोपल्या झोपल्या एक हात वर केला, त्याला लोकांनी हात हलवून उत्तर दिलं.

व्यासपीठावर चांगुणाबाई ताट धरून तशाच उभ्या होत्या. मग ताट उजवीकडे कललं. निरांजन घसरून पडलं. मग त्या खाली बसल्या.

“नवऱ्याला नेलं, हाय खाल्ली बिचारीनं,” शेजारची रतनबाई म्हणाली.

“पतिव्रता हाय.”

“कांदा फोडा रे, नाकाला लावा.”

कुणी पाणी मारलं, कुणी वारा घातला, कुणी सांगितलं की तात्यांना काही होत नाही, चांगल्या गाडीतून नेलंय. मोनिका स्वयंपाकाच्या बाजूने धावत आली. तिने सासूचं तोंड आपल्याकडे वळवलं. ते एका बाजूला ओघळलं होतं.

तिने डॉक्टर सुहासांना फोन केला. “गाडी मागं फिरवा. आत्यांना लकवा मारलाय.”

“मोनिकाताई, आम्ही राहुरीच्या पुढे आलोय. आणि गाडीत गंभीर रुग्ण आहे, मला मागे वळता येत नाही.”

“गंभीर रुग्न काय करतोय?”

मागून तात्यांचा आवाज आला, “कोन हाय? मला जरा पानी द्या आधी.”

दुसरी रुग्णवाहिका आत्ता येते, आत्ता येते म्हणत तीन तास गेले. शेवटी संस्थेचा दुधाचा टेम्पो काढला. कॅन उतरवायला ड्रायव्हर तयार नव्हता, दूध नासेल म्हणत होता. मोनिकाने दोन कॅन स्वतः रस्त्यावर लोटून दिले तेव्हा त्याने बाकीचे उतरवले. नगरला पोहोचेपर्यंत गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची वेळ निघून गेली होती. तिथल्या डॉक्टरांनी चांगुणाबाईंचा ईसीजी काढला. कागदावर ठोके शेतातल्या पायवाटेसारखे वेडेवाकडे गेले होते.

“केव्हापासून आहे हे?” त्यांनी विचारलं. “आधी कळलं असतं तर साध्या गोळीवर भागलं असतं.”

मोनिका म्हणाली, “गोळी घरात हुती.”

तात्या वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात होते. त्यांचं सगळं उत्तम निघालं. दुसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडलं आणि बायकोला महिनाभर ठेवून घेतलं, ही गोष्ट त्यांना समजायला जड गेली.

चांगुणाबाई घरी आल्या तेव्हा त्यांची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही गेलं होतं. सगळे शब्द गेले, एक राहिला: व्हय. भूक लागली का विचारलं तर व्हय. पोट भरलं का विचारलं तर व्हय. हे मेंदूच्या डाव्या भागाला मार बसल्यामुळे होतं, आत सगळं कळतं, फक्त हवा तो शब्द हाताला लागत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. तात्यांना यात आजार तो काय, हे नीट उमगलं नाही.

पट्टे गोळा करायला डॉक्टर सुहास आले तेव्हा ते खूप वाळलेले दिसत होते. तात्यांनी ओट्यावरून त्यांना जवळ बसवून घेतलं आणि बायकोच्या या प्रकाराने आपल्या हृदयावर किती ताण आला ते सविस्तर सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मग पिशवीतून एक कागद आणि शाईची डबी काढली.

“नावांची चूक आम्ही दुरुस्त केली,” ते म्हणाले. “ते सगळे ठोके आता चांगुणाबाईंच्या नावावर आहेत. लकव्याच्या आधीचा सलग काळ नोंदला गेलाय. असा रेकॉर्ड आमच्या अभ्यासात दुसऱ्या कुणाचाच नाही. तो वापरायला घरच्यांची आणि त्यांची संमती हवी.”

“म्हंजे पट्टा पास झाला?” मोनिकाने विचारलं.

“पट्टा एकदाही चुकला नाही.”

“आन आत्या?”

डॉक्टरांनी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा आहे हे बघून परत ठेवला.

“नाव कुनाचं छापनार?” तात्यांनी विचारलं.

“नाव छापत नाहीत, तात्या. फक्त नंबर असतो.”

“मंग घ्या तिचा अंगठा,” तात्या म्हणाले.

डॉक्टर आतल्या खोलीत गेले, खाटेजवळ वाकले आणि कागदावरचं वाक्य हळूहळू, दोनदा वाचून दाखवलं. “आजी, तुमची माहिती वापरायला तुमची संमती आहे ना?”

“व्हय,” चांगुणाबाई म्हणाल्या.

“थांबा,” मोनिका म्हणाली. ती सासूच्या तोंडापुढे गुडघ्यांवर बसली. “आत्या, माझ्याकडं बगा. ह्यास्नी काय बी द्यायचं न्हाई, असं हाय ना तुमच्या मनात?”

चांगुणाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. ओठ बराच वेळ हलले, काहीतरी शोधत राहिले. डाव्या डोळ्यातून पाणी आलं. “व्हय,” त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जोराने, “व्हय!”

“ऐकलं का, डॉक्टर?”

“आधी म्हनली त्ये खरं,” तात्या दारातून म्हणाले.

डॉक्टर सुहास सरळ झाले. मग त्यांनी मोनिकाला समजावून सांगितलं की प्रश्न ठरलेल्या शब्दांतच विचारायचा असतो, ते शब्द समितीने मंजूर केलेले असतात. तुमचा प्रश्न त्यात नाही, त्यामुळे त्याचं उत्तर धरायचं म्हटलं तरी धरता येत नाही. हे सांगताना त्यांचा आवाज इतका नम्र होता की रागवायला जागा नव्हती.

मोनिका उठून बाहेर गेली. गोठ्यातल्या म्हशी ओरडत होत्या, धारांची वेळ झाली होती.

चांगुणाबाईंचा उजवा हात आता दुसऱ्याने उचलूनच ठेवावा लागत होता. पण निशाणी डाव्या अंगठ्याची लागते, त्यामुळे काही अडलं नाही.